सोंगाड्याला स्क्रिप्ट नसते

आयटीत सध्या एक नवीन फॅशन आली आहे. पूर्वी कंपनीत काही उलथापालथ व्हायची असली की आधी आपल्याला योगासनं शिकवायचे. मग माइंडफुलनेस आलं. आता इम्प्रॉव्ह आलंय. म्हणजे इम्प्रोव्हायजेशन, उत्स्फूर्त नाटक. एक ट्रेनर येतो, कॉन्फरन्स रूममधल्या खुर्च्या भिंतीला लावतो आणि सगळ्यांना गोल करून उभं करतो. एकाने म्हणायचं, "आपण चंद्रावर आलोय." दुसऱ्याने "नाही" म्हणायचं नाही. म्हणायचं, "हो, आणि इथे वडापावची गाडी कुठे दिसत नाही." दोन तास सगळे खिदळतात, समोसे येतात, आणि शेवटच्या स्लाइडवर लिहिलेलं असतं की आयुष्यातल्या प्रत्येक बदलाला असंच 'हो, आणि' म्हणायला शिका.

माझं मत आधीच सांगून टाकतो, कारण वीकेंडला वेळ कमी असतो आणि कपडे अजून मशीनमध्ये आहेत. ही विद्या अस्सल आहे. बदलाला तोंड द्यायला ती खरंच उपयोगी पडते. पण ऑफिसात ती अर्धीच शिकवतात, आणि जो अर्धा भाग गाळतात तो नेमका आपल्या फायद्याचा आहे.

आधी थोडा इतिहास. या खेळांची जी आवृत्ती आपल्याकडे ट्रेनरच्या बॅगेतून येते तिचं मूळ शिकागोत. व्हायोला स्पोलिन नावाच्या बाईंनी तिथे मुलांसाठी नाटकाचे खेळ तयार केले. पाठांतर नाही, लिहिलेले संवाद नाहीत, खेळता खेळता नाटक उभं राहायचं. त्यांचं पुस्तक १९६३ साली आलं. त्याआधी १९५९ मध्ये त्यांचा मुलगा पॉल सिल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शिकागोतच 'द सेकंड सिटी' ही मंडळी सुरू केली होती. इकडे लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये कीथ जॉनस्टन हा माणूस असेच प्रयोग करत होता. त्याचं 'इम्प्रो' हे पुस्तक १९७९ चं. दोघांचं थोडक्यात म्हणणं असं की समोरच्याने जे दिलंय ते आधी घ्या. घेतलंत तरच पुढे जाता येतं. नाकारलंत की सीन तिथेच मरतो.

सगळं बरोबर आहे. पण मंडळी, हे शिकायला थेट शिकागो गाठायची गरज नाही. मी राहतो लोणी काळभोरला. याच सोलापूर रस्त्याने यवत ओलांडून पुढे गेलात की चौफुला लागतं, तिथे संगीतबारीची कलाकेंद्रं आहेत. आणि आमच्याच जिल्ह्यात, नाशिक रस्त्यावर, नारायणगाव आहे, तमाशाची पंढरी. दर गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे ढोलकीच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी येतात आणि आपल्या जत्रेसाठी तमाशाची सुपारी देऊन जातात. महाराष्ट्रातली उत्स्फूर्त नाटकाची सगळ्यात मोठी शाळा कुठे असेल तर ती या राहुट्यांत. फक्त तिथे सर्टिफिकेट मिळत नाही.

आपल्यासारख्या शहरी मंडळींना तमाशा म्हटलं की फक्त लावणी आठवते, तीही सिनेमातली. म्हणून जरा सविस्तर सांगतो. ढोलकीच्या फडाचा पारंपरिक क्रम असा: आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या वाटेत अडवतात, आणि बाईचं सोंग घेतलेला पुरुष म्हणजे 'मावशी' त्यांच्याशी हुज्जत घालते. मग बतावणी, म्हणजे दोघातिघांची विनोदी सवाल-जवाबाची जुगलबंदी. आणि शेवटी वग, म्हणजे कथानाट्य.

यातली गंमत अशी की पूर्वापार वगाला लिहिलेले संवाद नसायचे. गोष्ट सगळ्यांना ठाऊक. कोण राजा, कोण प्रधान, कोण सोंगाड्या, कुणी कुठल्या प्रसंगाला यायचं आणि कुठे गाणं पडायचं एवढं ठरलेलं. बोलायचं काय ते ज्याचं त्याने, उभ्या उभ्या. (आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस ठरलेला, इम्प्लिमेंटेशन रनटाइमला.) कोकणातल्या दशावताराचंही असंच. रामायण-महाभारतातलं आख्यान ठरतं, नट स्वतःच्या हाताने तोंड रंगवतात आणि रात्रभर संवाद जागेवर रचत जातात.

बतावणीत काय होतं ते दाखवायला एक कच्चा नमुना देतो. माझाच आहे, त्यामुळे हसू आलं नाही तरी चालेल.

"कुठं निघाला पाव्हणं?"

"पुण्याला."

"आन् राहायला कुठं?"

"लोणीला."

"मग निघायला उशीर केलासा की!"

"न्हाई वो. आता निघायची गरजच न्हाई. पुणंच निघालंय हिकडं."

आता यात दुसऱ्याने काय केलं बघा. पहिल्याने चिमटा काढला, "उशीर केलासा." दुसरा म्हणू शकला असता, "मी कुठं निघालोय, मी तर बसलोय." झालं, गाडी बंद. पुढे बोलायला काही उरलं नसतं. त्याऐवजी त्याने 'निघणं' हा शब्दच उचलला आणि उलटा करून परत दिला. आता पहिल्याला पुणं कुठपर्यंत आलं, काय घेऊन आलं, कुणाचं शेत खाल्लं, अशी दहा वाक्यं मोकळी झाली. चांगला सोंगाड्या नुसता हशा वसूल करत नाही, तो समोरच्याला पुढचं वाक्य देतो.

आणि हे सगळं एसी हॉलमध्ये नव्हे. कनातीबाहेर जत्रेचा गोंगाट, पुढच्या रांगेत मोठ्याने शेरे मारणारे दोन-तीन जण, मध्येच गेलेली लाईट, वेळेवर न पोचलेला एखादा कलावंत. शेरा आला की तोही वगात घ्यायचा. लाईट गेली की राजाच्या दरबारातला दिवा विझला असं धरून पुढे जायचं. 'गाढवाचं लग्न' मधला दादू इंदुरीकरांचा सावळा कुंभार ज्यांनी पाहिला ती जुनी माणसं अजून त्यांच्या हजरजबाबीपणाबद्दल बोलतात. काळू-बाळू या कवलापूरच्या जुळ्या भावांची 'जहरी प्याला' मधली हवालदारांची जोडी अशीच. आणि १९६५ साली रंगभूमीवर आलेलं वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' तर सगळ्यांनाच माहीत असतं. संहिता सबनीसांची, पण दादा कोंडके त्यात त्या त्या दिवसाचं राजकारण, त्या त्या गावातलं काहीतरी मिसळायचे, त्यामुळे काल पाहिलेला प्रयोग आज पुन्हा पाहायला लोक यायचे.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की म्हणजे 'आयत्या वेळी काहीतरी सुचणं' हीच ती विद्या. माझ्या मते इथेच पहिली गफलत होते. सोंगाड्याला आयत्या वेळी सुचतं, कारण बाकी बरंच काही आयत्या वेळचं नसतं. गोष्ट पक्की असते. क्रम पक्का असतो. ढोलकीवाला ठेका सोडत नाही. मागे उभे असलेले झीलकरी त्याच्या ओळीचा शेवट उचलून धरतात, त्यामुळे तो क्षणभर अडखळला तरी सूर जमिनीवर पडत नाही. वर डोक्यात वर्षानुवर्षं साठवलेल्या शेकडो म्हणी, उखाणे, कोट्या. म्हणजे दहातल्या आठ गोष्टी ठरलेल्या असतात म्हणून उरलेल्या दोन मोकळ्या सोडता येतात. दहाच्या दहा मोकळ्या सोडल्या तर त्याला उत्स्फूर्तता म्हणत नाहीत, गोंधळ म्हणतात. (आमच्याकडे त्याला 'अजाइल' म्हणतात. असो.)

आता हे मी आत्ताच का लिहितोय? कारण या मार्चअखेर आमचा प्रोजेक्ट संपतोय.

२०२२ पासून मी एका परदेशी विमा कंपनीच्या क्लेम सिस्टिमवर काम करतोय. टीम १४ जणांची. जानेवारीत एका कॉलवर सांगितलं गेलं की क्लायंट काँट्रॅक्ट पुढे वाढवत नाहीये. या बातमीत नवल काही नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे १२ हजार, म्हणजे जवळजवळ २ टक्के लोक कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हापासून आमच्या पिढीला 'आयटीतली पक्की नोकरी' हा शब्दप्रयोग आजोबांच्या गोष्टीतला वाटायला लागलाय. त्यात आपण जो कोड लिहायचो त्यातला बराचसा आता एआय लिहितो आणि आपण तपासत बसतो. तरीही स्वतःच्या बाबतीत ऐकलं की पोटात गोळा येतोच. लोणीतल्या वन बीएचकेचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो, त्याला प्रोजेक्ट संपल्याचं कुणी कळवत नाही.

कॉलवर शांतता होती. सगळे म्यूटवर. आठ महिन्यांपूर्वी लागलेल्या एका पोराने अनम्यूट करून विचारलं, "सर, मग आमचं काय?" वरून उत्तर आलं, "लेट्स स्टे पॉझिटिव्ह." पुन्हा शांतता. तेवढ्यात आमच्या टीममधली टेस्टर बोलली. तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. ती जे बोलली ते साधारण असं होतं: "ठीक आहे. ३१ मार्च ही तारीख पक्की धरू. म्हणजे हातात ११ आठवडे आहेत. हँडओव्हरचं काम आपल्यालाच करायचंय. मग ते असं वाटून घेऊ की ज्याला जे शिकायचंय ते त्याच्या वाट्याला येईल. क्लाऊडवर डेटा हलवायचा भाग नवीन मुलाला देऊ, त्याच्या सीव्हीवर काहीतरी दिसायला हवं. मी त्याच्यासोबत बसते."

ही शुद्ध बतावणी आहे. तिने बातमी नाकारली नाही, "असं कसं करू शकतात" यात दहा मिनिटं घालवली नाहीत. आलेलं वाक्य उचललं, त्यातला ठरलेला भाग (तारीख, काम, माणसं) वेगळा काढला, आणि मोकळ्या भागात स्वतःचं काहीतरी घातलं. शिवाय पहिलं काम केलं ते सगळ्यात घाबरलेल्या माणसाला पुढचं वाक्य द्यायचं. त्या संध्याकाळी तो पोरगा शीट उघडून कामं भरत होता. भीती गेली नव्हती, पण हाताला काम लागलं होतं. मला विचाराल तर उत्स्फूर्त नाटकाकडून बदलासाठी शिकण्यासारखं जे आहे त्याचा निम्मा भाग एवढाच. ऐका, उचला, आणि शेजारच्याला पडू देऊ नका. याला विनोदबुद्धी लागत नाही. लक्ष लागतं. आपण कॉलवर असताना बहुतेक वेळा समोरचा बोलत असतो आणि आपण आपलं पुढचं वाक्य जुळवत असतो. सोंगाड्याने हे केलं तर तो पहिल्या मिनिटात उघडा पडेल.

पण तिने त्याच दमात आणखी एक वाक्य टाकलं होतं. "आणि बेंचवर किती दिवस ठेवणार, कुठल्या अकाउंटला जागा आहेत, रिलीज लेटर कधी मिळणार, हे आम्हाला लेखी हवंय."

वर्कशॉपमध्ये गाळतात तो दुसरा अर्धा भाग हा.

ऑफिसच्या स्लाइडवर 'हो, आणि' चा अर्थ असा लावलेला असतो की वरून जे येईल त्याला हो म्हणा. शनिवारी सपोर्ट? हो, आणि रविवारीही. टीम निम्मी? हो, आणि काम तेवढंच. हा अर्थ तमाशातल्या कुणालाही हास्यास्पद वाटेल. वगातला सोंगाड्या राजाचं राज्य मान्य करतो, दरबार मान्य करतो, आपण चाकर आहोत हेही मान्य करतो, आणि ते सगळं मान्य करून राजाच्या तोंडावर त्याला मूर्ख ठरवतो. त्याचं 'हो' परिस्थितीला असतं, हुकुमाला नसतं. हा फरक एकदा कळला की बऱ्याच गोष्टी सुटतात. "प्रोजेक्ट संपतोय" ही परिस्थिती आहे, तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. "म्हणून गप्प बसा आणि हसा" हा हुकूम आहे, त्याच्याशी भांडायला काहीच हरकत नाही. शनिवारच्या सपोर्टला मी आता म्हणतो, "हो, येतो, आणि मंगळवारी सुट्टी घेतो, आत्ताच कॅलेंडरवर टाकतो." नियम तोच, 'हो, आणि'. फक्त 'आणि' च्या पुढची जागा आपली असते, ती दुसऱ्याला भरू द्यायची नाही.

आता या विद्येची मर्यादा. तीही तमाशाकडूनच शिकावी लागते, आणि हा धडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

२०२० चा गुढीपाडवा कोणत्या तारखेला होता आठवतंय? २५ मार्च. देशभर लॉकडाऊन लागला त्याचा पहिला दिवस. ज्या दिवसांत नारायणगावच्या राहुट्यांत सुपाऱ्यांची झुंबड असते, बरोब्बर तेव्हाच सगळं बंद झालं. तमाशाचा हंगाम दसऱ्यापासून वैशाखापर्यंत, त्यातली खरी कमाई चैत्र-वैशाखाच्या जत्रांची. ती बुडाली. पुढच्या वर्षी, २०२१ ला, पाडवा १३ एप्रिलला होता आणि दुसरी लाट ऐन भरात. पुन्हा जत्रा नाहीत. फडांत कलावंतांना मालकाकडून आगाऊ रक्कम मिळते, तिला उचल म्हणतात, आणि ती हंगामात काम करून फेडायची असते. हंगामच नाही म्हटल्यावर उचल फिटणार कशी? अनेक कलावंत शेतमजुरीला गेले, मिळेल ते काम केलं. महाराष्ट्रातली सगळ्यात हजरजबाबी माणसं, ज्यांना कुठल्याही वाक्याला पुढचं वाक्य सुचतं, त्यांना समोर वाक्य टाकायलाच कुणी नव्हतं.

त्याच काळातलं लोणीचं उदाहरण देतो. आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांची आधी उसाची शेती. जवळपासचा कारखाना बंद पडल्यावर ऊस परवडेना. तोवर इथे राजबागेत, म्हणजे राज कपूर यांच्या जुन्या फार्मवर, मोठं विद्यापीठ उभं राहिलं होतं. काकांनी रानातल्या घरावर चार खोल्या चढवल्या, पोरांना भाड्याने दिल्या, काकूंनी मेस सुरू केली. २०२० मध्ये पोरं आपापल्या गावी गेली, खोल्या रिकाम्या, मेस बंद. काकांनी टेम्पो काढला आणि सोसायट्यांच्या गेटवर भाजी आणायला लागले. दोन महिन्यांत व्हॉट्सअॅप ग्रुपवर ऑर्डरी. आता पोरं परत आली आहेत, मेस सुरू आहे, आणि भाजीचा ग्रुपही चालूच आहे. कुणीही म्हणेल, काय जबरदस्त इम्प्रोव्हायजेशन! आहेच. पण काकांच्या पायाखाली स्वतःची जमीन होती, डोक्यावर स्वतःचं छप्पर होतं आणि खोल्यांवर कर्ज नव्हतं. फडातल्या कलावंताकडे काकांपेक्षा दसपट सुचण्याची ताकद असेल, पायाखाली मात्र उचल होती. कला कमी पडली नाही, जमीन कमी पडली.

म्हणून 'बदलाशी जुळवून घेणं' हे नुसतं माणसाच्या अंगचं कौशल्य आहे असं कुणी सांगायला लागलं की मी सावध होतो. विठाबाई नारायणगावकरांची एक गोष्ट सांगितली जाते. प्रयोग चालू असताना त्यांना कळा सुरू झाल्या, त्या मागे गेल्या, बाळंत झाल्या, आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या. ही गोष्ट एखाद्या मोटिव्हेशनल भाषणात 'जिद्द' म्हणून सांगता येईल. मला ती ऐकली की टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. बाई बाळंत झालीय आणि तरी तिला परत जावंसं वाटतं, किंवा जावं लागतं, अशी ती व्यवस्था काय होती हा प्रश्न पडतो. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या या बाई २००२ साली गेल्या, शेवटचे दिवस पैशांच्या ओढाताणीत काढून. त्यांच्या नावाचा राज्य सरकारचा पुरस्कार नंतर सुरू झाला. तमाशा पिढ्यान्‌पिढ्या जगवला तो मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतल्या कलावंतांनी. त्यांच्या सुचण्यावर महाराष्ट्र हसला, आणि त्यांच्या म्हातारपणाची सोय करायचं कुणाला सुचलं नाही.

आपली तुलना त्यांच्याशी करायची माझी छाती नाही. आपल्याकडे पीएफ आहे, डिग्री आहे, इंग्रजी आहे. पण तत्त्व तेच आहे. सुचायला डोकं शांत लागतं, आणि डोकं शांत राहायला पुढच्या काही महिन्यांच्या हप्त्याची सोय लागते. त्यामुळे ज्यांना प्रोजेक्ट संपण्याची चाहूल लागलीय त्यांनी माझ्यासारखीच दोन कामं एकदम करावीत. एकीकडे सोंगाड्याकडून शिकावं. रोजच्या एका मीटिंगमध्ये समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत आपलं वाक्य जुळवू नये. नवीन काही आलं की पहिल्या मिनिटात "हे चालणार नाही" म्हणण्याआधी त्यातलं काय उचलता येईल ते बघावं. आपला ठेका कोणता ते ओळखावं. माझ्यापुरतं सांगायचं तर जावा उद्या राहील की नाही ठाऊक नाही, पण विम्याचा क्लेम कुठे अडकतो आणि का अडकतो हे मला कळतं, आणि ते कुठल्याही भाषेत कळणारच आहे. तो माझा ठेका.

दुसरीकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा. नवीन गाडीचा विचार पुढे ढकलावा. जे ठरलंय ते लेखी मागावं, आणि एकट्याने न मागता चौघांनी मिळून मागावं, कारण फडात झीलकरी असतात ते शोभेला नसतात. आमच्या टीमने तेच केलं. लेखी उत्तर तीन आठवड्यांनी आलं. बेंचचे दिवस कळले, चार जणांना दुसऱ्या प्रोजेक्टवर जागा मिळाली. त्यात तो नवीन पोरगा आहे. क्लाऊडचं काम बघून घेतलं त्याला. माझं अजून ठरलेलं नाही, आणि ज्या टेस्टरने ही सगळी बतावणी उभी केली तिचंही नाही.

एक शेवटची सूचना, जमल्यास ऐका. इम्प्रॉव्हच्या वर्कशॉपला जरूर जा, समोसे चांगले असतात. पण या चैत्रात एखाद्या जत्रेत ढोलकीचा तमाशाही बघा. तिकीट काढून बघा, मोबाईल खिशात ठेवून बघा. लावणीला शिट्टी मारायला सगळेच असतात. तुम्ही बतावणीच्या वेळी सोंगाड्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. तो एकही शब्द न बोलता किती लक्ष देऊन ऐकत असतो ते दिसेल. आणि रात्रभर खेळ करून हीच माणसं सकाळी पुन्हा गावापुढे हजेरीला उभी राहतात, तीही चुकवू नका.

चला, मशीन कधीचं शिट्टी मारतंय. कपडे वाळत घालतो. नारायणगावला कुणी येणार असेल तर सांगा, गाडीत तीन जागा आहेत.